नामीचा ‘फॅमिली टू फॅमिली’ वर्ग : ओझं तेवढंच, चुंबळ मिळाली

पहिला प्रश्न ‘किती घेतात?’ हाच येणार, म्हणून आधीच सांगते. काही घेत नाहीत. आठ वर्ग, आठवड्यातून एकदा, प्रत्येक अडीच तासांचा. वाचायला जाडजूड बाड देतात, तेही फुकट. फुकट म्हटल्यावर आमच्या ह्यांचा चेहरा जसा झाला तसा तुमचाही होईल, पण त्यांच्यावर मी पुढं येतेच आहे.

हा वर्ग घरच्यांसाठी आहे. घरात स्किझोफ्रेनिया, बायपोलर, तीव्र नैराश्य असं काही आलेलं असेल तर आई, बाप, भाऊ, बहीण, नवरा, बायको यांनी जायचं. ज्याला आजार आहे त्याच्यासाठी त्यांचा ‘पीअर टू पीअर’ नावाचा वेगळा वर्ग असतो, आणि मूल वयानं लहान असेल तर आईबापांसाठी ‘बेसिक्स’. शिकवणारे डॉक्टर नसतात. तेही कुणाचे तरी आईबाप, नाहीतर भाऊबहीण, आणि शिकवायचं रीतसर प्रशिक्षण घेतलेले. संस्था अमेरिकेतली, पूर्ण नाव नॅशनल अलायन्स ऑन मेंटल इलनेस, पण आद्याक्षरांवरून सगळे ‘नामी’च म्हणतात. पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा मला आपली नामी युक्तीच आठवली. त्या महिन्यात हसू यायला तेवढंच निमित्त झालं होतं.

मी न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीत राहते. कराडला बी. फार्म. केलं, लग्न करून इकडं आले, इथली परीक्षा द्यायची राहिली ती राहिलीच. गेली अठरा वर्षं औषधांच्या दुकानात टेक्निशियन आहे. ताटलीत पाच-पाचनं गोळ्या सरकवत मोजायच्या, बाटलीत भरायच्या, लेबल लावायचं आणि ‘फार्मासिस्टला काही विचारायचंय का?’ असं म्हणून पिशवी पुढं करायची. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्लोझापिन, स्किझोफ्रेनियावरची ही औषधं सगळी माझ्या हाताखालून गेलेली. क्लोझापिनच्या गिऱ्हाइकाला तर अगदी कालपरवापर्यंत रक्ताचा रिपोर्ट नोंदल्याशिवाय पिशवी मिळत नसे. पांढऱ्या पेशींवर डोळा ठेवायचा म्हणून पहिले सहा महिने दर आठवड्याला रक्त, पुढचे सहा महिने पंधरा दिवसांनी, मग महिन्याला. ही नोंदणीची सक्ती २०२५ साली उठली. एवढं सगळं हाताळल्यामुळं या रोगाबद्दल आपल्याला बऱ्यापैकी कळतं अशी माझी समजूत होती.

मग माझ्या धाकट्यानं, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत घरी येऊन खोलीतल्या स्मोक डिटेक्टरला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळली. पोळ्या गुंडाळतो तीच. त्यातून आपल्याला कुणीतरी बघतं, असं त्याचं म्हणणं. मी शिडी आणली, डिटेक्टर काढला, उघडून दाखवला, ‘ही बघ बॅटरी, मीच गणपतीत बदलली होती, यात कॅमेरा कुठाय?’ असं पाऊण तास समजावलं. रात्रीचे दोन वाजलेले. तो माझ्याकडं बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच ते पाहिलं : ‘म्हणजे तूसुद्धा त्यांच्यातलीच.’

गोळ्या मेंदूतलं डोपामाइन हे रसायन कसं अडवतात ते मला पाठ होतं. रात्री दोन वाजता काय बोलायचं ते कराडला कुणी शिकवलं नव्हतं.

त्यानंतरचे चार महिने मी इथं लिहिणार नाही. धाकट्यानं मला एवढ्याच लेखनाची परवानगी दिली आहे, आणि मजकूर आधी वाचून. एका रुग्णालयाच्या इमर्जन्सीत नऊ तास बसलो, नंतर काचेपलीकडची बाई म्हणाली की मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, त्याच्या संमतीशिवाय आम्ही काही सांगू शकत नाही. तो आत आहे की नाही हेसुद्धा नाही. ह्यांनी ‘मी त्याचा बाप आहे’ हे इतक्या मोठ्यानं सांगितलं की सिक्युरिटीवाला येऊन उभा राहिला. ते रुग्णालय कोणतं ते महत्त्वाचं नाही, कायदा सगळीकडं तोच आहे.

घरून फोन सुरू झाले. सासूबाई, ‘पत्रिका दाखवली का?’ माझी आई काहीच बोलली नाही, आणि ते मला जास्त लागलं, कारण ती का बोलत नाही ते मला माहीत होतं. आजोळी तिचा एक चुलतभाऊ होता. आम्ही मुलं त्याला आबामामा म्हणायचो. तीन वर्षं त्याला गाणगापूरला नेत होते, ‘बाहेरचं आहे’ म्हणून. घरात कार्य निघालं की मागच्या खोलीत बसवायचे आणि बाहेरून कडी. मी दहा-अकरा वर्षांची असताना एका लग्नात त्या कडीपाशी जिलबीचं ताट घेऊन उभी होते, आणि भीती वाटली म्हणून ताट तिथंच जमिनीवर ठेवून पळाले. आमच्या घराण्याचं या विषयातलं शिक्षण एवढंच.

इथं आणखी एक नाव सांगितलं पाहिजे. नामीच्या न्यू जर्सी शाखेचा दक्षिण आशियाई कुटुंबांसाठी एक उपक्रम आहे. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवली की ‘समाज’ असं वाचता येतं. (‘समाज काय म्हणेल’ यातला समाज. नाव ज्यानं शोधलं त्याला माझा नमस्कार.) दिवाळीच्या एका कार्यक्रमात त्यांचं टेबल होतं. टेबलाशी कुणीच थांबत नव्हतं. मीसुद्धा दोनदा पुढून गेले, तिसऱ्यांदा आजूबाजूला ओळखीचं कुणी नाही बघून पत्रक उचललं आणि साडीच्या पिशवीत सरकवलं. चोरी केल्यासारखं. पत्रकावरून फोन, फोनवरून या वर्गाचा पत्ता.

वर्ग लायब्ररीच्या तळघरातल्या एका खोलीत, मंगळवारी साडेसहा ते नऊ. (ऑनलाइनही असतो. ऑनलाइन घेतलात तर खोलीत एकटं बसावं लागतं. ‘हे जरा मागं बसून ऐकतील’ चालत नाही. ज्याला ऐकायचंय त्यानं स्वतः नाव नोंदवायचं.) आम्ही चौदा जण होतो. बाकीच्या तेरांबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही, कारण पहिल्याच दिवशी तसं ठरतं. खोलीत ऐकलेलं खोलीतच ठेवायचं. आपल्याकडच्या बायकांना हा नियम पाळणं किती अवघड जातं ते मला माहीत आहे, पण सांगते, जमतं. एवढंच म्हणेन की आम्ही एकमेकांसारखे कुठल्याच बाबतीत नव्हतो आणि पहिल्या ओळखीच्या फेरीत सहाव्या माणसापर्यंत टिश्यूचा खोका संपला होता.

पहिल्या वर्गात काय शिकवतात? खरं तर एकच गोष्ट, वेगवेगळ्या तोंडांनी : हे तुमच्यामुळं झालेलं नाही. मला वाटलं, सांत्वन आहे. नंतर या संस्थेची गोष्ट वाचली तेव्हा कळलं की हे वाक्य भांडून मिळवलेलं आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर मोठमोठे मनोविश्लेषक असंच म्हणत की स्किझोफ्रेनिया आईच्या वागण्यातून होतो. त्यासाठी आईला लावायचं एक खास विशेषणही होतं. अशा काळातून आलेल्या हॅरिएट शेटलर आणि बेव्हर्ली यंग या दोन आया विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला भेटल्या. दोघींचेही मुलगे याच आजारानं ग्रासलेले. त्यातून १९७९ साली नामी उभी राहिली. हा ‘फॅमिली टू फॅमिली’ वर्ग जॉइस बर्लंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला व्हरमाँटमध्ये सुरू केला. पूर्वी बारा आठवडे चालायचा, आता आठ.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्गात मेंदू, निदानं, औषधं. हा भाग माझ्यासाठी उजळणी होता आणि थोडी शेखी मिरवायची संधीही. एका गृहस्थांना मी औषधानं वजन का वाढतं ते समजावलं. समजावता समजावता लक्षात आलं की माझ्या घरी दोन महिने याच गोष्टीवरून रणकंदन चाललंय. धाकटा रात्री एकला उठून शंकरपाळ्यांचा अख्खा डबा फस्त करायचा आणि मी सकाळी रिकामा डबा त्याच्यासमोर आपटायची. ‘जिभेवर ताबा नाही तुझा!’ ताबा कुठून असणार, गोळीनंच भूक खवळलेली. दुकानात कुणी विचारलं असतं तर मी हेच हसतमुखानं सांगितलं असतं.

आणखी एक शब्द तिथं नीट समजला, अ‍ॅनोसोग्नोशिया. आपल्याला आजार आहे हेच आजाऱ्याला कळत नाही, आणि हा हट्टीपणा नाही. ज्या मेंदूनं ओळखायचं त्याच मेंदूचा तो भाग नीट चालत नाही. अर्धांगवायूच्या काही रुग्णांना आपला हात लुळा पडलाय हे कळतच नाही, शब्द मुळात तिथून आलाय. मी ‘तुला बरं नाहीये हे कबूल कर’ म्हणून डोकं आपटत होते, ते आंधळ्याला ‘हा लाल रंग बघ’ म्हणण्यासारखं होतं.

आता ज्या वर्गासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्याकडं येते. बोलायचं कसं, हा वर्ग. वाचून कुणालाही वाटेल की बाई, पन्नाशी उलटली, आता बोलायला काय शिकायचं. मलाही तेच वाटलं.

त्यांचं म्हणणं असं : वाक्य ‘तू’पासून सुरू करू नका, ‘मी’पासून करा. ‘तू असा का वागतोस’ नको, ‘तू जेवला नाहीस की मला काळजी वाटते’ असं म्हणा. इंग्रजीत हे कागदावरून वाचायला अगदी सोपं. मी गाडीत बसून मराठीत करून बघायला गेले आणि अडकले. कारण मराठी आई वाक्यच बोलत नाही, ती प्रश्न फेकते. ‘आंघोळ करणार आहेस का आज?’ ‘घड्याळात किती वाजले?’ ‘ही काय वेळ आहे का उठायची?’ ‘माणसं राहतात का अशा खोलीत?’ यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर अपेक्षित नसतं. मला माझ्या आईनं असंच वाढवलं, तिला तिच्या आईनं. आणि ‘मला भीती वाटते’, ‘मला वाईट वाटतं’ ही वाक्यं पोटच्या पोराला म्हणायची म्हणजे मालिकेतल्यासारखं वाटतं. जीभ वळेना. शेवटी रूट वनवरच्या सिग्नलला थांबून मी मोठ्यानं दहा-बारा वेळा म्हणून बघितलं. शेजारच्या गाडीतल्या माणसानं काच वर केली.

दुसरी गोष्ट, तो जे सांगतोय ते खरं की खोटं हा खटला बाजूला ठेवायचा. त्यामागं जी भावना आहे ती धरायची आणि तीच परत बोलून दाखवायची. ‘हो’ म्हणायचं नाही, ‘नाही’ही म्हणायचं नाही. हे मला पटलं नव्हतं. खोट्याला खोटं न म्हणणं म्हणजे लाड, असं माझ्या सासरीच काय, माहेरीही मानतात. पण त्याच आठवड्यात पुन्हा फॉइलची रात्र आली. या वेळी मी शिडी आणली नाही. दारातच जमिनीवर बसले. म्हटलं, ‘वरून कुणी बघतंय असं वाटत असेल तर झोप कशी लागणार रे.’ तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘चार दिवस नाही लागली.’ मी म्हटलं, ‘चार दिवस. मला तर एक रात्र नाही झोपले तरी गरगरतं.’ मग तोच म्हणाला की दिवा चालू असला की बरं वाटतं, पण बाबा वीजबिल म्हणून बंद करतात. आम्ही साधारण वीस मिनिटं बोललो. कॅमेरा आहे की नाही हा विषयच निघाला नाही. सकाळी त्याच्या डॉक्टरांना ‘चार रात्री झोप नाही’ हा निरोप गेला, जो त्याआधीच्या पाऊण पाऊण तासांच्या वादांतून कधीच बाहेर आला नव्हता.

त्यानंतर मी वाचत गेले. लंडनमध्ये १९५० च्या दशकात जॉर्ज ब्राउन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं मनोरुग्णालयातून सुटलेल्या माणसांचा माग काढला. आईबापांकडे किंवा बायकोकडे परतलेले जास्त संख्येनं पुन्हा आजारी पडले. भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहिलेले त्या मानानं टिकले. पुढच्या कामातून आजार उलटवणाऱ्या, घरातल्या तीन गोष्टी हाती लागल्या : सारखी टीका, मनातली चीड आणि नको तितकं गुंतणं. तिसरी वाचून मी पुस्तक मिटलं. नको तितकं गुंतणं म्हणजेच आई, अशी माझी पक्की व्याख्या होती. आजार आईमुळं होत नाही, पण झालेला आजार घरातल्या बोलण्यानं उसळू शकतो, हे दोन्ही एकाच वेळी डोक्यात ठेवायला मला बरेच दिवस लागले.

उपयोगाच्या गोष्टी पटकन सांगून टाकते. डॉक्टरांनी तुम्हाला सांगायचं नाही असा कायदा आहे. तुम्ही सांगितलेलं ऐकायचं नाही असा नाही. म्हणून एक पान तयार ठेवा : कोणती औषधं, किती, कशाची अ‍ॅलर्जी, आधी काय घडलं, कशानं बिघडतं. आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली आहे, एक प्रत गाडीत. मुलगा बरा असताना त्याच्याकडून माहिती देण्याच्या संमतीवर सही घ्या. बिनसल्यावर कुणी सही करत नाही. मानसिक त्रासाच्या तातडीला ९८८ (हा क्रमांक जुलै २०२२ पासून अमेरिकाभर चालू आहे). आणि पोलिसांना बोलवायला ९११ लावायचीच वेळ आली तर पहिल्याच वाक्यात ‘मानसिक आजार आहे, हत्यार नाही’ हे सांगून सीआयटी प्रशिक्षण (मनोरुग्णाशी कसं वागायचं याचं) घेतलेला अधिकारी मागायचा. हे प्रशिक्षण १९८८ साली मेम्फिसला सुरू झालं, पोलिसांच्या गोळीनं एक मनोरुग्ण मेल्यानंतर. आम्ही पहिल्या वेळी ९११ला नुसतं ‘लवकर या’ म्हटलं होतं. ते लवकर आले, तीन गाड्या, सगळे दिवे चालू, आणि गल्लीतल्या प्रत्येक खिडकीत एक डोकं.

वर्गाला पाचपैकी मी साडेचार देते. अर्धा का कापला?

हा वर्ग बांधला गेला तो अमेरिकन घर डोळ्यासमोर ठेवून. मूल मोठं झालं की वेगळं राहणार, आईबापांनी ‘मर्यादा’ आखायच्या, हे त्यात गृहीत आहे. आमच्याकडं चोविसाव्या वर्षीही पोरगं घरात असतं आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. ‘लग्न लावून दिलं की सुधारेल’ म्हणणाऱ्या आत्याला काय उत्तर द्यायचं, सहा महिने राहायला आलेल्या आजीला किती सांगायचं, मराठी मंडळात ‘सध्या काय करतो मुलगा?’ विचारणाऱ्याला काय, याचं पान त्या बाडात नाही. सरकारी मदतीचा भाग ऐकताना तर मी व्हिसावरच्या मैत्रिणींचा विचार करत होते. एसएसआयसारखी (कमी उत्पन्नाच्या अपंगांना मिळणारी) मदत एच-वन (नोकरीचा व्हिसा), एच-फोर (त्यांच्या बायकामुलांचा) वाल्यांच्या वाट्याला येत नाही. त्यातून एच-फोरवरचं मूल एकवीस वर्षांचं झालं की त्याचा तो व्हिसाच संपतो. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी आजारी पडलेल्या मुलानं पुढं काय करायचं? माझा मुलगा इथं जन्मला म्हणून आम्ही त्या फेऱ्यातून वाचलो. ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या माणसानं वर्ग जरूर करावा, पण वकील वेगळा गाठावा.

आणि भाषा. इंग्रजीत मला सगळं कळतं, दिवसभर मी तीच बोलते. पण आबामामाच्या कडीची गोष्ट इंग्रजीत सांगताना ती कडी ‘लॅच’ झाली आणि माझं रडणं घशातच राहिलं. ‘समाज’च्या मंडळींत निदान ‘कडी’ म्हटलं की शेजारची बाई हिंदीतून का होईना समजते. तेव्हा माहितीसाठी हा वर्ग, आणि मन मोकळं करायला तो गट, दोन्ही करा.

शिक्षक बरंचसं ठरलेल्या मजकुरावरून वाचतात, हे काहींना रटाळ वाटेल. मला नाही वाटलं. सत्यनारायणाची पोथी गुरुजीही वाचूनच सांगतात, आणि इथं वाचणाऱ्याच्या स्वतःच्या घरातली गोष्ट मध्येच सुरू झाली की पोथी आपोआप बाजूला पडते. ठरलेला मजकूर असल्यामुळं न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या वर्गात आणि टेक्सासच्या वर्गात तेच शिकवलं जातं, हाही फायदा.

‘याचा उपयोग होतो हे कशावरून?’ असं ह्यांनी विचारलं होतं. इंजिनियर आहेत, पुरावा लागतो. पुरावा आहे. मेरीलँडमध्ये लिसा डिक्सन आणि सहकाऱ्यांनी ३१८ जणांवर चाचणी घेतली, चिठ्ठ्या टाकून काहींना लगेच वर्ग, काहींना थांबवून. निष्कर्ष २०११ साली आले. वर्ग केलेल्यांना आजाराची जाण वाढली, आजार स्वीकारणं जमलं, मनाचा त्रास कमी झाला, अडचणी सोडवणं सुधारलं. पण ‘आपल्यावर किती ओझं आहे’ याचं उत्तर दोन्ही गटांत सारखंच राहिलं. हे वाचून मला त्या मंडळींबद्दल आदर वाटला, कारण माझाही अनुभव हाच. ओझं तसूभर हललं नाही. तीच औषधं, तेच विम्याचे फोन, तीच रात्रीची पावलं. आजोळी बायका नदीवरून दोन-दोन हंडे आणायच्या, डोक्यावर लुगड्याची चुंबळ ठेवून. चुंबळीनं हंडा हलका होत नाही, टाळूला टोचत नाही इतकंच.

भारतात असाल तर नामी तिथं नाही, पण हात अगदीच रिकामे नाहीत. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे. ती उभी राहण्यामागं कॅनडातल्या कॅलगरीला संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी होते. त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास, फुकट, मराठीतही. सासूबाईंना मी हाच क्रमांक दिला, पत्रिकेच्या बदल्यात. त्यांनी तिथं फोन करून मुलाबद्दल काही विचारलंच नाही, स्वतःची झोप लागत नाही ते सांगितलं. पाऊण तास बोलल्या म्हणे.

आता ह्यांच्याबद्दल. पहिल्या वेळी मी एकटीच गेले. ‘आपल्या घरची लक्तरं वेशीवर टांगायची आणि तीही गोऱ्यांच्या?’ असं ह्यांचं मत. शिवाय फुकट, म्हणजे दर्जा काय असणार. मी वाद घातला नाही. आठ मंगळवार गेले, ते बघत होते. मी शिडी आणत नाही, डबा आपटत नाही, ‘गोळी घेतलीस का’ दिवसातून एकदाच विचारते. (मजकूर वाचून धाकट्याची दुरुस्ती : ‘दोनदा.’) मग एका रविवारी काही न बोलता लॅपटॉपवर बसून त्यांनी पुढच्या तुकडीत स्वतःचं नाव घातलं. विचारलं तर म्हणाले, पार्किंग सोयीचं आहे.

ते बॅचमध्ये आहेत सध्या. मंगळवारी घरी आम्ही दोघंच असतो, मी मुगाची खिचडी टाकते, भांडी धाकटा घासतो. काल हात पुसत त्यानं विचारलं, ‘आज बाबांना काय शिकवणार?’

म्हटलं, ‘बोलायचं कसं ते. मी-वाक्यं.’

त्यानं घड्याळाकडं बघितलं. ‘मग मी साडेआठलाच झोपतो.’